दहा बदल आणि निसटलेला एक

रक्ताच्या कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांतल्या बिघाडात असू शकतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ओळखलं. त्यातून तयार होणाऱ्या सदोष प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या (एएमएल) जवळपास निम्म्या रुग्णांची गुणसूत्रं निर्दोष दिसतात. तिथं बिघाड शोधायचा कुठं?

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टिमथी ले आणि सहकाऱ्यांनी सगळंच वाचायचं ठरवलं. एएमएल झालेल्या, पन्नाशीतल्या एका महिलेच्या कर्कपेशींतल्या डीएनएची सुमारे तीनशे कोटी अक्षरं त्यांनी वाचली आणि तिच्याच त्वचेतल्या निरोगी डीएनएशी ताडून पाहिली. दोन माणसांच्या डीएनएत लाखो जन्मजात फरक असतात. ते वगळले, तरच आजारासोबत आलेले बदल उरतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा जनुकांत असे बदल आढळले. दोन ओळखीचे होते, आठ नवे.

मात्र बदल सापडला म्हणजे कारण सापडलं, असं नसतं. पेशी विभागताना चुका होतच असतात. काही चुका आजाराचं वाहन हाकतात, बाकीच्या नुसत्या प्रवासी असतात. चालक ओळखायची एक कसोटी म्हणजे तोच बदल इतर रुग्णांत पुन्हा दिसणं. ते आठ बदल आणखी १८७ रुग्णांत शोधले गेले. एकातही सापडले नाहीत.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या रुग्णाच्या जीनोममध्ये आयडीएच१ या जनुकातला बदल दिसला. तो इतर १८७ पैकी १५ रुग्णांत होता. पहिल्या महिलेचा डीएनए अधिक बारकाईनं पुन्हा वाचला, तेव्हा आधी निसटलेला एक बदल हाती लागला, डीएनएमटी३ए या जनुकातला. हे जनुक डीएनएवर रासायनिक खुणा करणारं प्रथिन घडवतं. २०१० च्या अभ्यासात २८१ पैकी ६२ रुग्णांत त्यात बदल आढळले आणि त्या रुग्णांचं आयुष्य सरासरीनं कमी भरलं.

तरी निकाल एवढ्यावर लागत नाही. २०१४ मध्ये दिसलं, की डीएनएमटी३एमधले असे बदल कर्करोग नसलेल्या अनेक वृद्धांच्या रक्तातही असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. म्हणजे या जनुकातला बदल हे पहिलं पाऊल असतं; आजार व्हायला पुढचे बदलही लागतात. चाचणीच्या अहवालात एखाद्या जनुकाचं नाव दिसलं, म्हणून कुणी धास्ती घेऊ नये.

आयडीएच१मधल्या बदलावरचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. त्या पहिल्या महिलेला या शोधांचा उपयोग झाला नाही. पण तिचा नमुना जपला होता, म्हणून चूक दुरुस्त करता आली. नव्या यंत्रांइतकाच पैसा आणि काळजी रुग्णांनी विश्वासानं दिलेले असे नमुने सांभाळण्यावर खर्च व्हायला हवी.