काळाची यंत्रं – लेखांक ६ : पेढीवरचा तपासनीस

अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी गावोगावच्या वेळा मोडीत काढून प्रमाणवेळ कशी लागू केली, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. वेळ ठरली खरी, पण ती इंजिनात बसलेल्या ड्रायव्हरच्या खिशापर्यंत पोचवायची कोणी? वेधशाळेचं काम तारेवरून ठोका पाठवला की संपत असे. सॅम्युएल लँगलीनं तर ॲलेगेनी वेधशाळेतून पेनसिल्व्हेनिया रेल्वेला १८६९पासूनच वेळ विकायला सुरुवात केली होती. तारेपासून खिशापर्यंतचा उरलेला प्रवास मात्र गावातल्या सराफाच्या पेढीवरून होत होता.

एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचं क्रॉसिंग तेव्हा वेळापत्रक आणि लेखी हुकूम यांच्या भरवशावर चाले. अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत बाजूच्या रुळावर जा, नाहीतर आधीच्या स्टेशनातच थांब. एप्रिल १८९१मध्ये ओहायो राज्यात किप्टन इथे लेक शोअर अँड मिशिगन सदर्न कंपनीच्या दोन गाड्या धडकल्या, त्यातली एक वेगवान डाकगाडी आणि दुसरी पॅसेंजर होती. दोन्ही ड्रायव्हर आणि डाकेच्या डब्यातले कारकून मेले. पॅसेंजरच्या ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून आपसूक पुन्हा चालू झालं होतं, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. ती सर्वांत उत्साहानं सांगणारे लोक घड्याळं विकणारे होते, एवढं लक्षात ठेवून ती ऐकावी. काही कंपन्या किप्टनच्या आधीही नोकरांची घड्याळं तपासून घेत होत्या.

अपघातानंतर कंपनीनं क्लीव्हलंडचा सराफ वेब सी. बॉल याला वेळ-तपासणीचा प्रमुख नेमलं. त्यानं घड्याळांची आणि ती तपासणाऱ्या माणसांची एक व्यवस्थाच उभी केली, आणि ती एकामागून एक कंपन्यांनी उचलली. पुढच्या काही वर्षांत नियम घट्ट होत गेले. घड्याळ झाकणाविना, उघड्या तोंडाचं. चावीचं बोंड १२च्या आकड्यापाशी. पांढऱ्या तबकडीवर ठळक काळे आकडे. निदान १७ ज्वेल, म्हणजे आतल्या चाकांच्या आसांना टेकू देणारे खडे. आठवड्यात ३० सेकंदांहून जास्त पुढे-मागे नको. पाच स्थितींमध्ये ते सारखंच चाललं पाहिजे, कारण ड्रायव्हर वाकतो, वळतो आणि रात्री घड्याळ खिळ्याला अडकवतो किंवा मेजावर पालथं टाकतो. मला या यादीत सर्वांत आवडतो तो लिव्हरचा नियम. बोंड ओढून काटे फिरवता येणारच नाहीत! वेळ लावायची तर पुढची काच फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला दडलेली बारीक पट्टी नखानं बाहेर ओढायची आणि मग बोंड फिरवायचं. चुकून काटे हलण्याची वाटच बंद.

आता गंमत अशी, की हे घड्याळ बहुधा नोकरानं स्वतःच्या पैशानं घ्यायचं. इंगरसोलचं साधं घड्याळ डॉलरला मिळत होतं. हॅमिल्टन किंवा वॉल्थमचं रेल्वेच्या पसंतीचं घड्याळ त्याच्या कित्येक पट महाग. मग हप्ते बांधून ते विकायचा कोण? तोच सराफ. दर पंधरवड्याला ते आपल्या प्रमाण घड्याळाशी ताडून ड्रायव्हरच्या कार्डावर किती सेकंद पुढे, किती मागे ते लिहून सही करायचा कोण? तोच. साफसफाईला घड्याळ ठेवून घेऊन तोवर दुसरं उसनं द्यायचं तेही त्यानंच. बहुतेक ठिकाणी कंपनी त्याला पगार देत नसे. मोफत प्रवासाचा पास आणि हमखास गिऱ्हाईक हीच कमाई. ‘हे घड्याळ चालणार नाही, नवं घ्या’ असं सांगणारा आणि नवं विकणारा माणूस एकच. बॉलही त्याला अपवाद नव्हता. त्याचा कारखाना नव्हता. हॅमिल्टन, वॉल्थम, एल्जिन यांच्याकडून मशीनं करवून घेऊन तो आपल्या नावानं विकत असे. तरी घड्याळं सुधारली हे नाकारता येत नाही. स्वार्थ आणि सुरक्षा असे एकाच गल्ल्यावर बसलेले फार क्वचित दिसतात.

म्हणूनच संग्राहकांमधला एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. रेल्वेच्या दर्जाचं घड्याळ वेगळं आणि रेल्वेत चाललेलं घड्याळ वेगळं. पहिलं कारखान्यात ठरतं. हॅमिल्टनचं ९९२, इलिनॉयचं बन स्पेशल, एल्जिनचं बी. डब्ल्यू. रेमंड, वॉल्थमचं व्हॅनगार्ड ही मंडळी त्यातली. दुसरं ठरतं तपासनिसाच्या कार्डानं, आणि कार्डं कधीच कचऱ्यात गेलेली असतात. मग शोध उलट्या दिशेनं घ्यावा लागतो. तबकडीवर कारखान्याऐवजी एखाद्या गावच्या सराफाचं नाव आहे का? असेल तर त्या गावची जुनी व्यवसाय-सूची आणि रेल्वेची नोकरांसाठीची वेळापत्रकं धुंडाळायची. अनेक कंपन्या त्यांत गावनिहाय तपासनिसांची नावं छापत. सांता फे रेल्वेसारख्या कंपन्यांच्या नोकरांच्या मासिकांतल्या जाहिरातीही कामी येतात. याच सांता फेचा मुख्य तपासनीस हेन्री माँटगोमेरी याच्या नावानं एक तबकडी ओळखली जाते: मिनिटांचे १ ते ६० सगळे आकडे कडेला छापलेली. मागचं झाकण उघडून भिंगाखाली धरलं, तर आतल्या बाजूला घड्याळजींनी टोच्यानं ओढलेल्या बारीक खुणा दिसतात. दुरुस्तीचा नंबर, कधी तारीखसुद्धा. एकेका झाकणात अशा कितीतरी खुणांची गर्दी असते.

नवख्यांनी फसायच्या जागा दोन. झाकणावर कोरलेलं आगगाडीचं इंजिन म्हणजे रेल्वेचा पुरावा नव्हे. ते नक्षीकाम होतं, शेतकऱ्यानंही हौसेनं घेतलेलं. त्या लाटेवर स्वार होऊन इंजिनाचं चित्र आणि ज्वेलचा फुगवलेला आकडा मिरवणारी हलकी स्विस घड्याळंही बाजारात आली. दुसरं, वय काढायचं ते मशीनवरच्या नंबरावरून, केसवरच्या नाही. मशीन आणि केस वेगवेगळ्या कारखान्यांत होत आणि दुकानात एकत्र येत. केसच्या कडेला स्क्रूच्या जास्तीच्या खुणा दिसल्या, तर या केसमध्ये पूर्वी दुसरंच मशीन राहत होतं असं समजावं. खोलून पाहू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावं.

आपल्याकडे ही सराफ-तपासनिसाची साखळी नव्हती. जीआयपी किंवा बीबी अँड सीआय या इथल्या जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं कोरलेली घड्याळं अधूनमधून जुन्या बाजारात दिसतात. ती कंपनीच्या मालकीची, गार्ड-ड्रायव्हरला कामापुरती दिलेली. त्यामुळे शोध घ्यायचा तर दुकानदाराच्या नावाऐवजी कोरलेल्या अक्षरांपासून आणि नंबरापासून सुरुवात करावी लागते. शिवाय १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ येईपर्यंत रेल्वे चाले मद्रास वेळेवर, म्हणजे मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे. त्या अर्ध्या तासावरून मुंबईकर कसे भांडले, ते पुढच्या लेखांकात.