उंबरातली केंबरं

उंबर फोडलं की केंबरं निघतात, म्हणून आपण नाक मुरडतो. पण केंबरं नसतील तर उंबराला बीच धरणार नाही! उंबराची फुलं असतात त्या गोळ्याच्या आत, बंदिस्त. केंबरं म्हणजे गांधीलमाशीची चिमुकली नातलग. त्यांची मादी टोकाच्या चिंचोळ्या भोकातून आत घुसते. घुसताना पंखही तुटतात. आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. मीलन झाल्यावर ते भिंत कोरतात आणि त्या वाटेने माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. मग पिकल्या फळांवर वटवाघळं, धनेश, माकडं पोसली जातात.

काही परोपजीवी माश्या मात्र बाहेरूनच अंडी घालायची नळी खुपसून अंडी घालतात, परागीभवन करत नाहीत. झाडावरच्या मुंग्या त्यांना हुसकावतात.