तलावाची पातळी का उतरते?

ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा प्रवेशद्वारांजवळच्या रिसॉर्टांत पोहण्याचे तलाव आहेतच. चंद्रपुरातल्या एखाद्या बंगल्यातही आता असा तलाव दिसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की त्याचं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर सहज उडून जातं. मालकाला मात्र गळतीचीच शंका येते. फरशी फोडण्याआधी बादलीची चाचणी करावी. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली-बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करायची, पंप चालू असेल तर तसाच ठेवायचा आणि चोवीस तासांनी बघायचं. दोन्हीकडे उतार सारखाच असेल तर दोष उन्हाचा. तलावात जास्त उतरलं, तरच मिस्त्री बोलवा. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या जमिनीत ही शंका खरीही ठरते, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि टाकीला तडे पाडते.

क्लोरीन उन्हात काही तासांत निष्प्रभ होतं, म्हणून ते सायंकाळी टाकावं. मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. पीएच वाढला की क्लोरीनचा जोर ओसरतो. नुसती पावडर ओतत राहणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअरचं पाणी जड असेल तर फरशीवर पांढरा थर धरतो.

दुरुस्तीसाठी तलाव पावसाळ्यात मात्र रिकामा करू नये. भूजल वर आलेलं असतं आणि रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते.