ऑटोमॅटिक हॅचबॅक घेताय? आधी गिअरबॉक्स कुठला ते विचारा

आजचा विषय म्हणजे तुमचा नेहमीचा प्रश्न. ऑन-रोड दहा लाखांच्या आसपास बजेट आहे, पेट्रोल हॅचबॅक हवी, डावा पाय दुखून आलाय म्हणून ऑटोमॅटिक हवी. कुठली घेऊ?

गाडीचं नाव नंतर बघू. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक आहे सर’ एवढंच सांगतात, आणि तिथेच घोळ होतो. बलेनो एजीएस, आय-20 आयव्हीटी आणि अल्ट्रोझ डीसीए, तिन्हींत क्लचचं पेडल नाही. पण आत तीन वेगळी यंत्रं आहेत. पाच-सात वर्षं हप्ते भरणार ते त्या यंत्राचे, सनरूफचे नाहीत.

बलेनोत आहे एएमटी. म्हणजे काय, तर आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक यंत्र करतं. 2014 च्या सेलेरिओने हा प्रकार आपल्याकडे घरोघरी नेला. स्वस्त पडतो, मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नासेक हजार जास्त. पण क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि गाडीतले सगळे मान डोलावतात. गंमत म्हणजे याच बलेनोत 2022 पर्यंत सीव्हीटी मिळायची. ती गेली, एएमटी आली.

आय-20 ची आयव्हीटी हा सीव्हीटीचाच प्रकार. दोन पुली, मध्ये पट्टा, ठरावीक गिअरच नाहीत. शहरात लोण्यासारखी चालते. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मात्र आधी इंजिन ओरडतं, मग गाडी पळते. ज्यांना घाटात ओव्हरटेक करायची हौस आहे त्यांना हे खटकतं. आईबाबांना डॉक्टरकडे नेणाऱ्याला कळणारही नाही.

अल्ट्रोझ डीसीए म्हणजे दोन क्लचवालं यंत्र. एका क्लचवर 1-3-5, दुसऱ्यावर 2-4-6, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो. यात दोन जाती आहेत, कोरडा क्लच आणि तेलात बुडालेला ओला. अल्ट्रोझचा ओला आहे. आपल्या ट्रॅफिकमध्ये हा फरक मोठा, कारण मुंगीच्या पावलांनी सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. तेल ती उष्णता बाहेर नेतं.

आता टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाले तुम्हाला रिकाम्या, सरळ रस्त्यावर नेतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. संध्याकाळी सातची वेळ मागा. पुण्यात असाल तर सिंहगड रोड, मुंबईत असाल तर तुमचा रोजचा सिग्नल. ब्रेकवरून पाय उचला, ॲक्सिलरेटरला हात, सॉरी, पाय लावू नका. गाडी सावकाश, एकसारखी सरकते का? की आधी थांबते आणि मग ढकलल्यासारखी पुढे जाते? समोर रिक्षाचा बम्पर असताना हे फार महत्त्वाचं आहे.

मग चढ. आणि चढ म्हणजे कात्रज घाटच हवा असं नाही, तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प पुरे. मध्यावर थांबवा, पुन्हा निघा. हिल होल्ड असेल तर ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात निघायचं. उशीर केलात तर गाडी मागे येऊ शकते. आणि मागे कोण उभं असेल ते सांगता येत नाही. म्हणून घरात जो सगळ्यात कमी सराव असलेला आहे, नवीन लायसन्सवाली बहीण किंवा बाबा, त्यांच्याच हातात ही चाचणी द्या. एक लक्षात ठेवा, रॅम्पवर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची सवय एएमटीचा आणि डीसीटीचा क्लच खाते. ब्रेक वापरा.

मायलेजचं पटकन सांगतो. बलेनोचा अधिकृत आकडा मॅन्युअलला 22.35 आणि एजीएसला 22.94. ऑटोमॅटिक जास्त! पण हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात. तिथे सिग्नलला उभं राहावं लागलं तरी पुढे कुणी हॉर्न वाजवत नाही. गाड्यांची आपसात तुलना करायला तो वापरा, पेट्रोलच्या बजेटसाठी नको.

माझं मत विचाराल तर रोजचा प्रवास तुंबलेल्या शहरातला असेल आणि परवडत असेल तर सीव्हीटी. बजेट ताणायचं नसेल तर एएमटी, पण वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या करूनच. आणि हायवे जास्त असेल तर ओला डीसीटी.

शेवटी सेकंड हँडवाल्यांसाठी. चाकणला बनलेली पोलो अजूनही पोरांच्या मनात आहे, 2022 ला बंद झाली तरी. पण ‘पोलो ऑटोमॅटिक’ ही एक गाडी नाही. 2013 पासूनच्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी होता. त्या जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर गाजल्या आहेत. 2020 नंतरच्या 1.0 टीएसआयला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा जुना, भरवशाचा प्रकार. जाहिरातीत दोन्हींपुढे ‘ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलेलं असतं. आरसीवर वर्ष बघा, सर्व्हिसची सगळी बिलं मागा, आणि डीएसजी असेल तर गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापवून मगच किंमत बोला.