खडा आहे, कळ नाही

ओळख मूतखड्याची : लेखांक ७

मूतखड्याची कळ कशी उठते, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. कमरेतून जांघेत उतरणारी ती कळ एकदा सोसलेला माणूस जन्मात विसरत नाही. आज पाहू या असे रुग्ण, ज्यांना खडा होतो पण कळ येत नाही : मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेले रुग्ण.

प्रत्यारोपणात रुग्णाची मूळ मूत्रपिंडं बहुधा जागच्या जागी ठेवतात. दात्याचं मूत्रपिंड ओटीपोटात, सहसा उजव्या बाजूला बसवतात. त्याच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला. मज्जातंतू मात्र दात्याच्या शरीरातच तुटलेले असतात, ते जोडले जात नाहीत. त्यामुळे खडा अडकला तरी निरोप मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. लघवी कमी होते, लालसर होते, ताप येतो किंवा नुसतंच रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. शरीर नवं मूत्रपिंड नाकारू लागलं तरीही क्रिएटिनिन असंच वाढतं, म्हणून सोनोग्राफी तातडीने करायची असते. भिस्त एकाच मूत्रपिंडावर असते. वाट पाहायला दुसरं नसतं.

असे खडे शंभरात साधारण एखाद्याला होतात. काही दात्याकडूनच आलेले असतात. काही विसरून राहिलेल्या स्टेंटवर किंवा न विरघळलेल्या टाक्याभोवती साचतात. मूत्रपिंड निकामी असतानाच्या काळात वाढलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पुढेही रक्तातलं कॅल्शियम चढतं ठेवतात, तेही एक कारण. सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाने युरिक ॲसिड वाढतं.

उपचारांत सर्जनला नेहमीच्या वाटा बदलाव्या लागतात. खडा अगदी लहान असेल, लघवी अडत नसेल, तर बारीक लक्ष ठेवणं पुरतं. बाहेरून ध्वनिलहरींचा मारा करून खडा फोडण्याची पद्धत म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. एरवी रुग्ण त्यासाठी उताणा झोपतो. इथे लहरींच्या वाटेत कमरेचं हाड येतं, म्हणून त्याला बहुधा पालथं झोपवतात. लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालायची, तर जोडलेल्या मूत्रवाहिनीचं तोंड मूत्राशयाच्या वरच्या भागात असतं. तिथे दुर्बीण वळवून नेणं हे खरं कसब.

मोठ्या खड्यासाठी त्वचेतून थेट वाट करतात. एरवी ती पाठीतून असते, इथे रुग्ण उताणा आणि वाट पोटाच्या पुढच्या बाजूने. नवं मूत्रपिंड त्वचेच्या अगदी जवळ असतं, ही सोय; पण मध्ये आतड्याचा वेढा येऊ शकतो, ही भीती. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुई आत जाते. सुईतून लघवीचा थेंब आला की सर्जन समजतो, आपण नेमके पोहोचलो. मग तार, तारेवरून नळी. मूत्रपिंडाभोवती जुन्या जखमेचं चिवट आवरण असतं, त्यामुळे वाट रुंदावताना हाताला जोर लागतो. आता पाच-सहा मिलिमीटरच्या नळीतूनही काम होतं आणि लेसर खड्याचा चुरा करतो. नाकारण्याविरुद्धच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. म्हणून आधी लघवीचं कल्चर करून जंतुसंसर्ग आवरल्याशिवाय कुणी हात घालत नाही.

दात्याच्या मूत्रपिंडात आधीच खडा दिसला, तर? ते बाहेर काढल्यावर, बर्फात थंड ठेवलेलं असतानाच, बारीक दुर्बिणीने खडा काढून मग ते बसवता येतं. एका खड्यापायी मिळालेलं दान परत करावं लागत नाही.

डायलिसिसच्या वर्षांत हे रुग्ण घोटाघोटाने, मोजून पाणी पितात. प्रत्यारोपणानंतर डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात, पण हात तांब्याकडे जाताना अजून थबकतो. घरच्यांनी इथेच मदत करावी. तांब्या भरून समोर ठेवावा आणि लघवीचं माप रोज वहीत लिहावं. ज्या मूत्रपिंडाला कळ येत नाही, त्याचं दुखणं त्या वहीतच आधी दिसतं.

पुढील आठवड्यात : लहान मुलांमधले मूतखडे.