शिवेवरचे कण

सकाळचे साडेदहा. शीव स्टेशनाबाहेर घामट गर्दी. पश्चिमेला कुंभारवाड्यात भट्ट्या पेटल्यात, चिंध्यांचा धूर डोळ्यांत शिरतो. ओली मडकी उन्हात नंबर लावून बसलीत. शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टी.

पूर्वेची गल्ली, जिना, प्रयोगशाळेचं दार. आत नुसता खडखडाट. बॉल मिल चालू आहे. मोठी चकती एकीकडे फिरते, तिच्यावरची पोलादी भांडी उलट दिशेने. आत गोळ्या भुकटीला ठेचतात, चिकटवतात, पुन्हा फोडतात.

शेजारी एक विद्यार्थिनी ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालून पुढची भुकटी तोलते. आत आर्गॉन, कारण ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत पेट घेऊ शकते. ६८.५ ग्रॅम निकेल, ३१.५ ग्रॅम ॲल्युमिनियम, वर थोडं पांढरं ॲल्युमिना. गोळ्या भुकटीच्या दहापट वजनाच्या. श्वाससुद्धा ती जपून घेते.

दळण वीस तासांचं. अर्धा तास दळायचं, मग भांडी निवू द्यायची. भिंतीजवळच्या वहीत नावांची रांग आहे. कुणी बाकावर डबा उघडतं. पंखा गरम वाराच फिरवतो.

आतल्या खोलीत हॉट प्रेस. कालची भुकटी ग्रॅफाइटच्या साच्यात आहे. पंप भट्टी निर्वात करतो. काटा १२०० अंशांवर चढतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०० किलोंचा दाब. झरोक्यातून केशरी उजेड. एक तास कुणी हलत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला. दोघांचं संयुग मात्र १६३८ पर्यंत टिकतं. गार असताना ते ठिसूळ, हीच त्याची खोड; म्हणून कण बारीक हवेत. उष्णतेने कण फुगले तर दळणाची मेहनत वाया. म्हणून ॲल्युमिना. ते कणांच्या शिवेवर उभं राहतं, शीव सरकू देत नाही.

भट्टी रात्रभर निवते. सकाळी साच्यातून नाण्याएवढी काळपट चकती निघते. घासून आरशासारखी होते. हिऱ्याचं टोक तिच्यावर टेकतं, चौकोनी खूण उमटते.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर कण दिसतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. खुणेच्या कोपऱ्यातून एक चीर निघालेली. सगळे पुढे वाकतात. चीर ॲल्युमिनाच्या पुंजक्याशी येते, वळसा घेते आणि पुढच्या शिवेवर थांबते.