पाणचक्कीला मोटर नको
काष्टीच्या बाजारात बैल घेताना आम्ही आधी दात पाहतो, रंगवलेल्या शिंगांवर भुलत नाही. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीलाही हीच कसोटी लावावी.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील या चक्कीला डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते. त्याच्या जोराने पाते फिरते आणि पात्यासोबत जाते. पूर्वी इथे फकिरांसाठी पीठ दळले जाई. आज लोक ते फिरणे पाहायला येतात.

पाणी कमी पडले तर मोटर बसवणे सोपे. पण मग ती पाणचक्की कसली? यंत्रमागाचे कापड हातमागाचा हिमरू म्हणून विकले तर गिऱ्हाईक एकदा फसते, कारागीर कायमचा बुडतो. दिवे, गाळे जरूर नवे करावेत. नळ आणि पाते मात्र जुन्याच रीतीने दुरुस्त व्हावेत. तिथल्या दुकानदारांची रोजी त्या खरेपणावरच आहे.